सरासरी नको, उंदीरनिहाय तक्ता द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

'उंदरांवरील प्रयोग यशस्वी' अशा बातम्या आपण सगळेच वाचतो. पहिल्या प्रकारचा मधुमेह, ल्यूपस, संधिवात, आतड्याचा दाह, म्हणजे प्रतिकारयंत्रणा शरीरावरच उलटल्यामुळे होणारे आजार, त्यांत हमखास असतात. शोधनिबंधाच्या तळाशी मात्र 'डेटा मागणीनुसार उपलब्ध' एवढीच ओळ सापडते. मागणी केलीच, तर बहुधा सरासरीच्या आकड्यांची एक फाइल हाती पडते. तिच्यावरून प्रयोग ताडून पाहता येत नाही.

कारण उंदीर कोठे आणि कोणत्या जंतूंसोबत वाढला, यावर या आजारांचे निकाल फिरतात. एनओडी जातीच्या उंदरांना पहिल्या प्रकारचा मधुमेह आपोआप होतो. स्वच्छ व्यवस्थेत ३० आठवड्यांपर्यंत साधारण ६० ते ८० टक्के माद्यांना तो जडतो, नरांना बराच कमी. वसाहतीत संसर्ग शिरला की हे प्रमाण घसरते. मग आजार औषधाने टळला की संसर्गाने, हे त्या काळातला आरोग्य-तपासणीचा अहवाल जोडल्याशिवाय कसे कळणार? २००९ मध्ये तर एकाच 'ब्लॅक सिक्स' जातीच्या, पण दोन पुरवठादारांकडच्या उंदरांच्या आतड्यांत टीएच१७ या दाह वाढवू शकणाऱ्या प्रतिकार-पेशींचे प्रमाण वेगळे आढळले. मुळाशी एक तंतुमय जिवाणू निघाला. जातीच्या नावाचे शेपूट गाळणेही महागात पडते: 'ब्लॅक सिक्स'च्याच '६जे' उपजातीत एनएनटी जनुक बिघडलेले असते, '६एन'मध्ये सीआरबी१.

म्हणून प्रत्येक उंदराची एक ओळ असलेला तक्ता द्यावा. त्यात जातीचे पूर्ण नाव, पुरवठादाराचा साठा क्रमांक, लिंग, जन्मतारीख, गट, खाद्य, रोजचे वजन आणि पिंजरा क्रमांक हवा. शेवटचा रकाना सर्वाधिक गाळला जातो, आणि तोच सर्वांत मोलाचा. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्यांचे आतड्यातले जिवाणू सारखे होत जातात. औषध दिलेले पाचही उंदीर एकाच पिंजऱ्यात असतील, तर फरक औषधाचा की पिंजऱ्याचा, हे कोणतेही गणित सांगू शकत नाही. वगळलेले आणि मेलेले उंदीरही तक्त्यात हवेत, कारणासह.

मेलेल्यांचे महत्त्व 'ईएई' प्रयोगात दिसते. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या अभ्यासासाठी वापरल्या जाणाऱ्या या प्रयोगात शेपूट लुळी पडली की १, मागचे दोन्ही पाय पूर्ण लुळे पडले की ३, मृत्यू म्हणजे ५, असे गुण सहसा देतात. मेलेल्या उंदराचा रकाना दुसऱ्या दिवसापासून रिकामा सोडला, तर सरासरी खाली येते आणि गट सुधारल्यासारखा दिसतो! रकान्यात ५ कायम ठेवले की आलेख वर राहतो. दोन्ही पद्धती चालतात; कोणती वापरली ते लिहिले पाहिजे. मधल्या गुणांचे अर्थ प्रयोगशाळेगणिक बदलतात, तेही.

आतड्याच्या दाहाच्या प्रयोगांसाठी पिण्याच्या पाण्यातून डीएसएस हे आतड्याला इजा करणारे रसायन देतात, बहुधा २ ते ३ टक्के, ५ ते ७ दिवस. टक्केवारी तीच ठेवूनही नव्या खेपेने एके ठिकाणी वजन जेमतेम घटते, दुसरीकडे उंदीर दगावतात. तेव्हा डीएसएसचा रेणूभार आणि खेपेचा क्रमांक नोंदवावा. फ्लो सायटोमेट्रीची, म्हणजे रंगीत खुणा लावून एकेक पेशी मोजण्याच्या तंत्राची, नुसती चित्रे देऊ नयेत. मूळ एफसीएस फाइली, कॉम्पेन्सेशनची (रंगांची सरमिसळ दुरुस्त करण्याची) आकडेवारी, नियंत्रण नमुने आणि प्रत्येक प्रतिपिंडाच्या क्लोनचे नाव द्यावे. जनुकांच्या याद्या साध्या मजकूर-फाइलीत ठेवाव्यात, कारण 'सेप्ट२' किंवा 'मार्च१'सारखी जुनी नावे एक्सेल गुपचूप तारखांत बदलतो. असे बिघडलेले तक्ते प्रकाशित निबंधांतही आहेत.

'आमच्या आधी दुसराच कोणी डेटा वापरेल' ही भीती खोटी नाही. त्यावर उपाय आहे: डेटा कायमस्वरूपी क्रमांक देणाऱ्या भांडारात जमा करावा आणि ठरावीक तारखेपर्यंत कुलूपबंद ठेवावा. उंदरांची माहिती कशी मांडावी याच्या 'अराइव्ह' मार्गदर्शक सूचना २०१० पासून आहेत, २०२० मध्ये त्या सुधारल्याही. आता हवी ती संपादकांची आणि परीक्षकांची सक्ती. तक्ता जोडला नसेल तर निबंध परत पाठवावा.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती. अशी बातमी छापताना उंदरांची जात, संख्या आणि डेटा कोठे ठेवला आहे त्याचा क्रमांक, एवढे एका ओळीत द्यावे. संशोधकाकडे तो क्रमांक नसेल, तर 'डेटा खुला नाही' असे छापावे.

आपले,
प्रतिकारशास्त्राचे अभ्यासक