तलावांच्या मुलखातून आई-बाबांना पत्र

नवेगावबांध,
कार्तिक वद्य पंचमी

ती. आई आणि ती. बाबा यांस सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तिथं येऊन बघायचं तरी काय?" मी तोंड उघडायच्या आत आईनं रक्तदाबाच्या गोळीचा विषय काढला आणि फोन तिथंच संपला. आपल्या फोनवर गोळ्या, गुडघा आणि शेजारच्यांची लग्नं यापुढं गाडी जातच नाही. म्हणून हे पत्र. सावकाश वाचा, चष्मा लावून.

चार दिवसांसाठी एवढा लांबचा प्रवास कशाला, हे बाबांचं म्हणणं मला पटलंय. म्हणूनच सांगते, चार दिवसांसाठी येऊच नका. पंधरा दिवस या. हा मुलूख महाबळेश्वरसारखा नाही. तिथं गाडीतून उतरायचं, पॉइंट बघायचा, मक्याचं कणीस खायचं आणि पुढच्या पॉइंटला पळायचं. इथं तसं केलंत तर दुसऱ्या दिवशी दुपारीच बाबा परतीचं तिकीट विचारतील.

भंडारा आणि आमचा गोंदिया हे पूर्वी एकच जिल्हा होते, 1999 साली गोंदिया वेगळा जिल्हा झाला. पण पाण्याच्या बाबतीत आजही सगळं एकच आहे. बसच्या खिडकीतून बघत बसलं की भातखाचर, मग तलाव, मग साग-ऐन-मोहाचं जंगल, की पुन्हा तलाव. लहान असेल तर त्याला बोडी म्हणतात, अशा बोड्या तर शेताशेतात. पूर्व विदर्भात मिळून सहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत आणि त्यातले फारच थोडे निसर्गानं दिलेले. बाकी सगळे माणसांनी बांधलेले. बाबा, इथं तुमचं काम सुरू होतं.

नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी या माणसानं बांधला. तुमची सगळी नोकरी कराडजवळच्या खोडशीच्या बंधाऱ्यावर आणि कृष्णा कालव्यावर गेली, आणि तो इंग्रजांच्या काळातला म्हणून तुम्हाला केवढा अभिमान. हा तलाव त्याच्याही आधी शंभरावर वर्षांचा! सुमारे अकरा चौरस किलोमीटर पाणी. भोवती डोंगर आहेतच, त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा तेवढ्या मातीच्या पाळींनी, म्हणजे बांधांनी, बुजवल्या आणि पाणी अडवलं. जागा हेरणाऱ्याची नजर बघा. भोवतीच्या सात शिखरांना सातबहिणी म्हणतात. बांधकामात त्या देवींनी कोलू पाटलाला हात दिला असं लोक मानतात, आणि पुढं खुद्द पाटलाचाच कोलासूर देव झाला. आपल्याकडं कार्यकारी अभियंत्याची बदली होते, इथं देव होतो.

कोहळी समाज हा मूळचा तलाव बांधणारा. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, गोंड राजानं त्यांना काशीकडून आणलं अशी कथा सांगतात. नकाशा नाही, लेव्हल मशीन नाही, आणि तरी पाळ कुठं घालायची, सांडवा कुठून काढायचा, खालच्या तलावात वरचं जादा पाणी कसं उतरवायचं हे बिनचूक. जुन्या तलावाचा तुडूम, म्हणजे पाणी सोडायची सोय, तुम्हाला मुद्दाम दाखवायचाय. पाळीच्या आतल्या अंगाला पायरीपायरीनं भोकं आणि त्यांना लाकडी दट्ट्या. पाणी खाली जाईल तशी खालची पायरी मोकळी करायची. म्हणजे पाट नेहमी वरच्या थरातलं पाणी घेतो आणि जोर आटोक्यात राहतो. तुम्ही तिथं अर्धा दिवस घालवाल हे मला माहीत आहे, म्हणून जवळ सावली असलेला तलावच हेरून ठेवलाय.

मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, 1951 साली संपली आणि तलाव सरकारकडं गेले. कागदोपत्री त्यांचं नाव माजी मालगुजारी तलाव, बोलताना सगळे सरळ "मामा तलाव" म्हणतात. मालक गेला तसा दरवर्षी गाळ काढायचा रिवाजही ढिला पडला. बऱ्याच तलावांत आता गाळ साचलाय आणि बेशरमाची झुडपं माजलीत. बँकेत कर्जाला येणारे म्हातारे शेतकरी माझ्यापाशी पीककर्जापेक्षा याचंच गाऱ्हाणं जास्त करतात. त्यांना मी काय सांगणार? तुम्ही या, तुमच्याशी त्यांचं जमेल. एक आजोबा तर "तुमचे वडील पाटबंधाऱ्यातले काय?" म्हणून दोनदा विचारून गेले.

आता गुडघ्याचं. इथल्या पाळीवर चढ नाही, पायऱ्या नाहीत. सपाट मातीची वाट, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भात. सकाळी सातला निघायचं, दमलं की बसायचं, वाटलं तर पुढं जायचं. नौकाविहाराचं मात्र काही धरून चालू नका, तो कधी सुरू असतो कधी बंद. मला तर मोटारबोट नसली की बरंच वाटतं, पक्षी बुजत नाहीत. थंडीत उत्तरेकडून बदकं उतरतात. तलवार बदक, थापट्या, लालसरी, आणि नशीब असेल तर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राजहंस. दुर्बीण मी घेतलीय, चांगली जड आहे, बाबांच्या हातात शोभेल.

आईला मात्र बदकांपेक्षा कमळपक्षी आवडेल, पैज लावते. कमळाच्या पानावरून तो चालतो. बोटं इतकी लांब की त्याचं वजन पानभर पसरतं. पान अगदी किंचित दबतं, कडेनं पाण्याची एक रेघ आत येते, आणि ती त्याच्या पायापाशी पोचायच्या आत स्वारी पुढच्या पानावर. वाटेत पान उलटून खालचा किडा उचलायचा, की चालला. आणखी एक गंमत सांगते. यांच्यात अंडी उबवायचं आणि पिल्लं सांभाळायचं काम नर करतो. मादी अंडी घालते आणि निघून जाते. हे वाचून आई बाबांकडं बघणार हेही मला दिसतंय.

सध्या शिंगाड्यांचे दिवस आहेत. मासेमार ढीवर समाजाच्या बाया छातीभर पाण्यात उतरून वेल उचलून धरतात, खालची फळं तोडतात आणि वेल परत पाण्यावर सोडून देतात. पाठीमागं डोंगा, म्हणजे लहान होडी, असतो, त्यात ढीग. शिंगाड्याचे काटे लागून बोटं सोललेली, नखं काळी पडलेली. आपण उपवासाला शिंगाड्याचं पीठ आणतो, तेव्हा हे डोळ्यासमोर येत नाही. बाजारात उकडलेले शिंगाडे मापानं मिळतात, गरम असतानाच खायचे. बाबांसाठी मरळ मासा. तलावातली ताजी मरळ आणि चिन्नोर तांदळाचा भात एवढं झालं की बाबा इंद्रायणीचं नाव काढणार नाहीत. आईसाठी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा आणि लाखोळीच्या डाळीचे वडे आहेत.

मग सारस. महाराष्ट्रात सारस बघायचा तर याच कोपऱ्यात, गोंदिया-भंडाऱ्याच्या भातशेतीत, आणि तेही आता पन्नाससुद्धा उरलेले नाहीत. उभा राहिला की बाबांच्या खांद्यापर्यंत येईल एवढा उंच, अंगानं राखाडी, डोकं-मान लाल. जोडीनंच हिंडतात. पावसाळ्यात धानाच्या बांधीतच, म्हणजे खाचरातच, घरटं करतात, आणि असे शेतकरी इथं आहेत जे घरट्यापुरता तुकडा तसाच सोडून बाकीचं शेत करतात. गोंदियाजवळ परसवाडा, झिलमिली हे तलाव आहेत, तिकडं संध्याकाळी जायचं. दिसतीलच असं वचन मी देत नाही. एकदा मात्र मी जोडी ओरडताना ऐकली. नरानं मान मागं टाकून एक हाक दिली की मादी लगेच दोन देते, एकाच्या हाकेत दुसरीची हाक अशी बसलेली की डोळे मिटले तर एकच पक्षी वाटेल.

नागझिऱ्याबद्दल दादानं तुमच्या डोक्यात वाघ भरवलाय, म्हणून मुद्दाम लिहिते. अभयारण्य 1970 चं. नवेगाव आणि नागझिरा मिळून 2013 च्या डिसेंबरात व्याघ्र प्रकल्प झाला. साकोलीच्या बाजूनं पिटेझरीच्या फाटकातून आत जाता येतं. वाघ आहेत, बिबटे आहेत, रानकुत्रे, गवे, अस्वलं आहेत. पण उघड्या जिप्सीत, पहाटेच्या गारठ्यात, खड्ड्यांतून चार तास वाघामागं धावणं तुमच्या कमरेला झेपणारं नाही आणि मलाही त्यात फारशी मजा वाटत नाही. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला, कॅमेरे वर, आणि ड्रायव्हरांची आपसात कुजबुज. एक दुपारची फेरी करू. जंगलाच्या पोटात तलाव आहे, त्याच्या काठी पाणी प्यायला येणारी चितळं बघू आणि परत येऊ. वाघ दिसला तर दादाला फोटो पाठवू, नाही दिसला तरी गव्याचा पाठवू.

आई, आता तुझं. नाटक बघायला तू शेवटची कधी गेलीस? कराडला नाटक लागलं की "रात्री उशीर होतो" म्हणून बाबा नको म्हणतात. इथं नाटक सुरूच रात्री दहाच्या पुढं होतं आणि संपतं उजाडताना! ही झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्याची, रंगभूमी. दिवाळीनंतर धान घरात आलं की होळीपर्यंत गावोगाव प्रयोग. दिवसा मंडई म्हणजे जत्रा, किंवा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, घराघरात पाहुणे, आणि रात्री शेतात उभारलेल्या मंचावर नाटक. कंपन्या बहुतेक गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या, हंगामात तिथं नाटकवाल्यांच्या पाट्यांची रांगच लागते. वडसा आमच्याच रेल्वे मार्गावर आहे. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या शाखेतही पेढे आले होते.

पुण्या-मुंबईचं नाटक डोक्यात ठेवून येऊ नकोस. इथं सगळं मोठ्या आवाजात. रडणं मोठं, विनोद मोठा, मध्येच गाणं, आणि गाणं आवडलं तर लोक पुन्हा म्हणायला लावतात. मला पहिल्यांदा जरा भडक वाटलं. पण पहाटे तीनला, चादरी पांघरून बसलेल्या बाया नायिकेच्या सासूला खरोखरच्या शिव्या घालत होत्या, आणि माझ्या शेजारची तर उठून उभीच राहिली. तेवढं तल्लीन होऊन मी शहरात कुणाला नाटक बघताना बघितलेलं नाही. नाटकाच्या निमित्तानं सोयरिकीही जुळतात, म्हणून तू तिथं माझ्या लग्नाचा विषय काढायचा नाहीस, हे आत्ताच सांगून ठेवते.

एक दिवस इटियाडोहला जाऊ. गाढवी नदीवरचं धरण, बाबांसाठी. त्याच बाजूला प्रतापगड (आपला साताऱ्याकडचा नव्हे), वर महादेव आणि पायथ्याशी दर्गा, आणि जवळच तिबेटी लोकांची वसाहत, 1972 पासूनची. भाताच्या मुलखात रंगीत पताका आणि बौद्ध मठ. थंडीत त्यातली बरीच माणसं स्वेटर विकायला गावोगाव जातात. आपल्या कराडच्या बाजारात ज्या बाईकडून बाबांनी तो तपकिरी स्वेटर घेतला, ती इथलीही असू शकेल. तो घेऊन या, पौष महिन्यात इथं रात्री चांगलंच झोंबतं.

डासांचं म्हणाल तर मच्छरदाणी आहे. "तिकडचं वातावरण कसलं" हे आत्याचं म्हणणं आत्याकडेच राहू दे. मी रोज एकटी स्कूटरवरून शाखेत जाते-येते.

प्रवासही सरळ आहे. महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये कराडला बसायचं आणि गाडी जिथं संपते तिथं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, गोंदियाला उतरायचं. मध्ये बदलायचं काही नाही, झोपून डबा चुकायची भीती नाही. तेराशे किलोमीटरच्या वर ही गाडी महाराष्ट्राबाहेर पाऊल टाकत नाही. मी स्टेशनवर असेन, रात्र गोंदियातच काढू आणि सकाळी सावकाश नवेगावला येऊ.

आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं आणि खालचे बर्थ लगेच जातात. म्हणून बाबा, तिकीट खिडकीवर रांगेत उभे राहू नका, मी इथूनच काढते. मला फक्त तारीख कळवा, संक्रांतीच्या आधीची. आईनं गोळ्या महिन्याच्या घेऊन याव्यात. आणि घाटी मसाला आणा, इथल्या भाजीला सगळं आहे पण ती चव नाही.

तुमची,
धाकटी