काचेवर मारलेल्या एका रेषेसाठी, काका

काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. फोंड्यात घरोघरी नळ आणि फ्लश दुरुस्त करणाऱ्या माणसाचं नाव त्याला न विचारता असं उघड्यावर टाकणं बरं नव्हे, आणि विचारलं असतं तर तुम्ही "कित्याक?" म्हणून हातच झटकला असता. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत. एक तर तसे मानल्याशिवाय चैन पडत नाही, आणि दुसरं म्हणजे घरी स्वस्तात रीफ टँक, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी, उभी करू पाहणाऱ्या गोव्यातल्या काही जणांना तुमच्या त्या दुपारच्या कामाचा उपयोग होईल.

आधी ज्यांनी हे काम करायला हवं होतं त्यांच्याबद्दल. समुद्री टाकीचं सामान विकणाऱ्यांना किमती पाठ असतात, पाण्याची चाल माहीत नसते. "घरगुती संप? गळणार. तयार सेट घ्या." (संप म्हणजे मुख्य टाकीखालची दुसरी टाकी. वरचं पाणी तिच्यात उतरतं आणि पंप ते परत वर चढवतो.) आणि त्या तयार सेटमध्ये पंपाकडून वर जाणाऱ्या रिटर्न पाइपचं तोंड पाण्याच्या पातळीखाली चांगलं 10 सेंमी बुडालेलं. पंप थांबला की याच पाइपमधून वरचं पाणी उलटं खाली येणार, त्याचं काय, असं विचारलं तर उत्तर तयार होतं: एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, लावा. लगेच एक एनआरव्ही पिशवीत पडलाही. पितळेचा!

तुम्ही तो हातात घेतलात, फिरवून पाहिलात आणि परत खोक्यात ठेवलात. खाऱ्या पाण्यात पितळ हिरवं पडतं एवढंच तुम्ही म्हणालात. ते हिरवं म्हणजे तांबं, आणि कोळंबी, शंख, प्रवाळ यांना ते अगदी थोडंही विषच असतं. मासे एखाद वेळी तगतात, बाकीचं जग मरतं. त्यामुळे रीफच्या वाटेत पितळेचा कॉक, पितळी दांडीचा फ्लोट, पितळी निपल यातलं काहीच नको. प्लास्टिकचा एनआरव्हीसुद्धा एकट्याच्या भरवशावर ठेवण्यासारखा नाही. वाळूचा एक कण किंवा शेवाळाचा धागा झडपेत अडकला की ती अर्धी उघडी राहते, आणि हे कळतं ते लादी ओली झाल्यावर.

मग तुम्ही तो प्रश्न विचारलात, जो इतका वेळ विकणाऱ्यांपैकी एकानेही स्वतःहून विचारला नव्हता: "लायट गेली जाल्यार उदक खंय वतलें?" वीज गेली तर पाणी कुठे जाईल?

गोव्यात पावसाळा काढलेल्या कुणालाही हा प्रश्न पहिला सुचायला हवा. हिशेब अवघड नाही. वरची टाकी 90 × 45 सेंमी, म्हणजे पातळी एक सेंमी उतरली की साधारण 4 लिटर पाणी खाली येतं. पाइपचं तोंड 10 सेंमी खोल, म्हणजे 40 लिटर. खालचा संप 60 × 30, तिथे एक सेंमी म्हणजे 1.8 लिटर. 40 लिटर आले की पातळी आणखी 22 सेंमींनी वाढणार. संपाची उंची 36, चालू असताना पाणी 20 वर. बाकीचं खारं पाणी जमिनीवर, आणि जमिनीवर काय असतं? एक्स्टेन्शन बोर्ड.

तुम्ही कागद-पेन्सिल काही घेतलं नाहीत. रिटर्नचा एल्बो कापून तोंड वर आणलंत, पातळीच्या जेमतेम 3 सेंमी खाली. शिवाय पाइपला पाण्याच्या पातळीखाली लगेचच 3 मिमीची दोन छिद्रं पाडलीत. पातळी तिथवर उतरली की छिद्रांतून हवा शिरते आणि सायफन, म्हणजे पाण्याची उलटी ओढ, तुटतो. एक का नाही, दोन का? कारण एक बुजतं. शेवाळ धरतं, बारके शंख नेमके तिथेच जाऊन बसतात. (दर पंधरवड्याला जुन्या टूथब्रशने छिद्रं साफ करावीत, हे वाचणाऱ्यांसाठी.)

इथपर्यंत चांगल्या प्लंबरचं काम झालं. आभार त्यापुढच्या गोष्टीचे आहेत.

सांध्यांना लावलेलं सोल्व्हंट वाळलं, पाणी फिरायला लागलं, तुमची पिशवी भरून झाली. आणि निघायचं सोडून तुम्ही स्टूल ओढून बसलात. पंपाचा स्विच बंद करायला लावलात आणि वरून येणारी धार थांबेपर्यंत संपाकडे बघत राहिलात. मग एका छिद्रावर टेप लावून तेच पुन्हा. मग दोन्ही छिद्रांवर टेप लावून पुन्हा. सगळ्यात वाईट वेळी, म्हणजे दोन्ही छिद्रं बुजलेली असताना, 12 लिटरांच्या आसपास पाणी टाकीतून आणि दोनेक लिटर पाइपांतून आलं. संपातली पातळी साधारण 8 सेंमी चढली. त्यावरून तुम्ही खिशातला काळा मार्कर काढलात, संपाच्या काचेवर 25 सेंमीवर आडवी रेष मारलीत आणि खाली लिहिलंत: "चालू असताना पाणी इथपर्यंतच."

या रेषेचे पैसे कुठल्याही बिलात लागत नाहीत. तिच्यासाठी कुणी थांबत नाही. पण घरात दुसरं कुणी असो, शेजारी असो, टाकीची काहीही माहिती नसलेला पाहुणा असो, पाणी घालणाऱ्याला आता फक्त रेष पाहायची आहे. 25 वर भरलं, वीज गेली, छिद्रंही बुजली, तरी पाणी 33 वर थांबतं आणि काच 36 ची आहे. महागड्या सेटबरोबर आलेल्या चकचकीत पुस्तिकेत अशी एक ओळ नव्हती. काम मोडेल तेव्हा काय होईल याची काळजी, आपण तिथे नसताना कुणाच्या घरात पाणी घुसू नये म्हणून दहा मिनिटं जास्त बसणं, यालाच मी चांगुलपणा म्हणतो. गोड बोलणारे दुकानदार पुष्कळ भेटतात.

फ्लोट व्हॉल्व्हच्या बाबतीतही तुम्ही तसेच अडून बसलात. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज गोडं पाणी घालावं लागतं, आणि ते आपोआप पडावं यासाठी आरओ फिल्टरचा पाव इंची प्लास्टिक फ्लोट व्हॉल्व्ह पुरतो. फिल्टर दुरुस्त करणाऱ्यांकडे तो अगदी स्वस्तात मिळतो. मोह होता तो फिल्टरची नळीच थेट जोडून टाकण्याचा. तुम्ही साफ नाही म्हणालात आणि 5 लिटरचा कॅन वरच्या फळीवर ठेवलात. व्हॉल्व्ह अडकून सगळा कॅन आत रिता झाला, तरी सुमारे 200 लिटर पाण्यात क्षारता, म्हणजे पाण्यातलं मीठ, हजारात 35 भागांवरून 34 वर येते, कुणी मरत नाही. संप 3 सेंमींपेक्षाही कमी चढतो, म्हणजे त्याच वेळी वीज गेली तरी काठाच्या आतच, अगदी काठोकाठ का होईना. थेट जोडलेली नळी मात्र रात्रभर वाहत राहिली असती. उन्हाळ्यात पाण्यावर 12 व्होल्टचे दोन कॉम्प्युटर फॅन लावले की तापमान दोन-तीन अंश उतरतं, पण पाणी जास्त उडतं आणि कॅन रोज भरावा लागतो. ही कटकट परवडली. (पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा फॅनचा गुण कमी येतो.)

110 मिमी पाइपच्या तुकड्यातून तुम्ही स्किमरचं, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातली घाण वर काढणाऱ्या साधनाचं, धड कापून दिलंत, त्याबद्दल थोडक्यात. वर पारदर्शक बरणी बसवल्यामुळे फेस दिसतो. नळाच्या पाण्यात चाचणी घेऊन "फेसच येत नाही" म्हणू नये, खाऱ्या पाण्यातच बुडबुडे बारीक राहतात. आणि पहिले काही दिवस तो उतू जातो, कारण नव्या प्लास्टिकवरचा तेलकटपणा आणि चिकटवलेल्या सांध्यांचा अंश धुऊन जायला वेळ लागतो. आधी व्हिनेगरच्या पाण्यात फिरवून घेतला तर हे लवकर निवळतं.

पांढऱ्या सिमेंटची अर्धी पिशवी तुम्ही "पडून आहे" म्हणून ठेवून गेलात, तिचेही टाकीत ठेवायचे दगड झाले: एक भाग सिमेंट, चार भाग शिंपल्यांचा चुरा. आता ते गोड्या पाण्यात मुरताहेत. सहा-आठ आठवडे पाणी बदलत राहायचं आणि पीएच 8.5 च्या खाली आला की मगच टाकीत. "बेटाजवळचा ताजा प्रवाळाचा दगड आणून देतो" म्हणणारेही भेटले होते. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. असं सांगितल्यावर त्यांनी विषय बदलला.

एक तक्रार मात्र आहे. तुम्ही फक्त एल्बो, टँक निपल आणि बॉल व्हॉल्व्हचे पैसे घेतलेत. मजुरीचा विषय काढला तर "मागीर बघूं" म्हणालात, आणि त्यानंतर दोनदा फोन केला तरी तेच. मडगावच्या एकाला तुमच्याकडे धाडतोय. त्याचा संप 30 सेंमी उंच आहे आणि रिटर्नचं तोंड वाळूला टेकलंय, त्यामुळे काम वाढणार. त्याच्याकडून मजुरी पूर्ण घ्या, आणि माझी राहिलेली किती ते त्याच्याजवळ लिहून पाठवा.

देव बरें करूं.

आपला,
रेषेच्या खाली पाणी राखणारा