पत्रिकेत अंतराचा रकाना कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘चंद्रामुळे समुद्राला भरती येते, माणसाच्या शरीरातही पाणीच जास्त, मग ग्रहांचा परिणाम का होणार नाही?’ असं विचारणारं पत्र आपल्या अंकात वाचलं. हा मुद्दा पुण्यात लग्नाच्या बैठकींतही हमखास निघतो, म्हणून लिहिते.

पृथ्वीची चंद्राकडची बाजू आणि पलीकडची बाजू यांत पावणेतेरा हजार किलोमीटरचं अंतर आहे. दोन्हीकडच्या ओढीत जो फरक पडतो, त्यातून भरती येते. साडेपाच फुटांच्या माणसात असा फरक पडणार किती? खडकवासल्यात तर माणसापेक्षा कितीतरी जास्त पाणी आहे; तिथे भरती-ओहोटी कुणी पाहिली आहे का?

आता मंगळ. तो अगदी जवळ, म्हणजे साडेपाच कोटी किलोमीटरवर असतानाही नवजात बाळावरची त्याची ओढ हातभर अंतरावर उभ्या असलेल्या सत्तर किलोंच्या डॉक्टरांपेक्षा कमी भरते. (गुरूची जास्त भरते, हे मान्य. पण सूर्यापुढे तीही हजारो पटींनी कमी.) हाच मंगळ दूर जातो तेव्हा ४० कोटी किलोमीटरवर असतो आणि ओढ पन्नासेक पटींनी घटते. कुंडली काढून बघा: बारा घरं, राशींचे आकडे, त्यात मं., गु., श. ही अक्षरं, फार तर शेजारी अंश-कला. अंतर कुठेही मांडलेलं नसतं. चौथ्या घरातला मंगळ जवळ असो की लांब, मुलगी मंगळाची ती मंगळाचीच!

चुंबकत्व म्हणावं, तर मंगळ आणि शुक्र यांना पृथ्वीसारखं चुंबकीय क्षेत्रच नाही. राहू-केतू म्हणजे चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेला, छेदते ते दोन बिंदू. त्यांना वस्तुमानच नाही, तरी कालसर्पाची शांती त्यांच्याच नावाने होते. शिवाय आपल्याकडे टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांच्या अयनांशांत, म्हणजे राशी कुठून मोजायला सुरुवात करायची ते ठरवणाऱ्या आकड्यांत, सुमारे चार अंशांचा फरक. एका पंचांगात मेषेच्या शेवटाला असलेला ग्रह दुसऱ्यात वृषभेत गेलेला असतो. ओढ कोणाचं पंचांग बघून लागू होते?

आणि बलाचा शोध घेण्याआधी परिणाम तरी दिसायला हवा. डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी इथेच, पुण्यात, त्याची चाचणी घेतली; ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या हुशार आणि निम्म्या बौद्धिक अक्षम मुलांच्या मिळून २०० पत्रिका होत्या. त्यांतल्या प्रत्येकी ४० पाहून २७ ज्योतिषांनी कोणती कुणाची ते सांगितलं. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती.

– एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका, कोथरूड, पुणे