हिरवा रंग जरा बेतानं!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाऊस सुरू झाला की पुरवणीत वाचकांनी टिपलेला सह्याद्री येतो. अलीकडे त्यातले डोंगर थेट प्लास्टिकच्या गवतासारखे दिसतात. कॅमेरा बिचारा निर्दोष असतो. फोटो सजवायच्या अ‍ॅपमधली ‘सॅच्युरेशन’ची, म्हणजे रंगाच्या भडकपणाची पट्टी कुणीतरी +40 वर नेलेली असते. ती सगळेच रंग सरसकट चढवते. शेजारचा ‘व्हायब्रन्स’ मुळातच भडक असलेल्या रंगांना कमी हात लावतो, म्हणून आधी तो +10 ते +15 करून पाहावा. शिवाय वृत्तपत्राच्या कागदावर झगझगीत हिरवा उमटतच नाही. शाई पसरते, सावल्या बुजतात आणि मोबाइलवर चमकणारं भातखाचर छापल्यावर शेवाळी डाग होतं. छापायला द्यायच्या चित्रात सावल्या पडद्यावर किंचित जास्तच उजळ वाटल्या पाहिजेत.

कासच्या पठारावरच्या सोनकीचे हाल आणखी वाईट. पडद्यावरचा पिवळा लाल आणि हिरवा मिळून होतो; दोन्ही 255 या कमाल आकड्याला टेकले की पाकळ्यांवरच्या रेघा संपल्या, उरतो पिवळा ठिपका. साध्या हिस्टोग्राममध्ये, म्हणजे चित्रातल्या उजेड-अंधाराच्या आलेखात, हे लपून जातं, रंगवार पाहिला तर दिसतं. पिवळ्याचं सॅच्युरेशन न चढवता ल्युमिनन्स, म्हणजे त्या रंगाचा उजळपणा, 10-15 नं उतरवावा. अर्थात रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची फाइल, हाताशी हवी. नेहमीच्या जेपेग फाइलीत उडालेल्या रेघा परत येत नाहीत.

धुकं काढायच्या ‘डीहेझ’बद्दल मी जरा कर्मठ आहे. मागची डोंगररांग पुढचीपेक्षा फिकी दिसते, म्हणून तर दरीची खोली कळते. डीहेझ +30 केला की सगळ्या रांगा सारख्याच काळ्या होतात आणि दरी निळी पडते. हवाच असेल तर ब्रशनं फक्त जवळच्या कातळावर, तोही +10 पर्यंत.

आता कात्री, मग ती वाचकाची असो वा पान लावणाऱ्याची. 6000×4000 पिक्सेलचं चित्र 16:9 मध्ये बसवताना उंचीतले 625 पिक्सेल जातात; चौरस केलं तर तिसरा हिस्सा जातो. वाकडं क्षितिज 2 अंशांनी सरळ करताना, मूळ गुणोत्तर राखलं तर, लांबी-रुंदीतून जवळपास 5-5 टक्के कमी होतात. म्हणून आधी सरळ करावं, मग कापावं. उलट केलं तर कडेला जपून ठेवलेलं झाड नेमकं उडतं. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आत वळलेला आहे. त्याची आडवी पट्टी कापली की उरते नुसती भिंत. मला तो उभ्या 4:5 मध्येच आवडतो, आणि काठावरचा मुंगीएवढा माणूस त्यात असायलाच हवा. कोरं पांढरं आकाश मात्र मीही खुशाल छाटतो.

शेवटी आवडनिवड ज्याची त्याची. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सनं ‘मूनराइज, हर्नांडेझ’ या 1941 च्या चंद्रोदयाच्या छायाचित्राच्या एकाच निगेटिव्हवरून वर्षानुवर्षं प्रिंट काढल्या आणि आकाश काळंभोर करत नेलं. पण तो निर्णय छायाचित्रकाराचा होता, पान लावणाऱ्याचा नव्हे.

एक विनंती. पुरवणीच्या आवाहनातच चौकटीचं माप आणि गुणोत्तर छापावं. 15 सेंटिमीटर रुंद चित्राला इंचाला 200 पिक्सेल धरले तरी साधारण 1200 पिक्सेल पुरतात. वाचक आपापलं चित्र स्वतःच कापून पाठवतील.

आपला,
एक वाचक, सातारा