दोराचे दुसरे टोक कोणाच्या हातात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वादळी वारे सुटले आणि लाइनवर काम करताना एखादा वायरमन दगावला, की बातमीत दोन गोष्टी हमखास येतात. हातमोजे घातले होते का आणि परमिट घेतले होते का. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण त्याच्यासोबत दुसरा माणूस होता का, हे कोणी विचारत नाही. परभणी जिल्ह्यात 33 केव्ही वीज उपकेंद्रावर यंत्रचालक म्हणून माझी सगळी नोकरी झाली. रात्रपाळ्या बहुतेक एकट्यानेच काढल्या. हा तिसरा प्रश्न पहिल्या दोहोंइतकाच मोठा आहे, म्हणून हे पत्र.

परमिट म्हणजे काय, हे बाहेरच्यांना नेमके ठाऊक नसते. वायरमन 11 केव्हीचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे जाणारी 11 हजार व्होल्टची लाइन, बंद मागतो. यंत्रचालक ब्रेकर उघडतो, म्हणजे पुरवठा तोडतो, 'लाइनवर माणसे काम करीत आहेत' ही पाटी अडकवतो, वहीत वेळ लिहितो. पण फीडर बंद झाला म्हणजे तार मेली असे धरून चालत नाही. एखाद्या मंगल कार्यालयातला जनरेटर चुकीचा जोडलेला असला, तर त्याची वीज डीपीतून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरमधून, उलटी चढते आणि वरच्या तारेवर 11 हजार व्होल्ट होऊन बसते. कुठे दुसऱ्या फीडरची लाइन डोक्यावरून गेलेली असते. म्हणून खांबावर चढण्याआधी तार तपासायची, तारेतली वीज जमिनीत सोडणारा डिस्चार्ज रॉड लावायचा, अर्थिंग करायचे. हे सगळे काळ्या मातीच्या चिखलात, पावसात, टॉर्च दातात धरून एकट्यानेच करायचे म्हटले, तर आज ना उद्या एखादी पायरी गळणारच. आणि जवळ दुसरा कोणी नसेल, तर "थांब, रॉड लागला नाही अजून" असे म्हणणारेही कोणी नसते.

शॉक लागल्यानंतरचे तर विचारूच नका. विजेच्या धक्क्याने हृदयाची लय बिघडते, ते नुसते थरथरत राहते, रक्त पुढे जात नाही. मेंदूला चार-पाच मिनिटे रक्त मिळाले नाही की इजा सुरू होते. त्या वेळी पुरवठा बंद असल्याची खात्री करून, माणसाला उताणा निजवून, छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा जोराने दाबत राहावे लागते. 108 ची गाडी तालुक्याहून निघून शिवारात पोहोचेपर्यंत हाच एक आधार. पण स्वतःची छाती स्वतः कोणाला दाबता येते? सोबत दुसरा माणूस नसेल, तर प्रथमोपचाराचे सगळे प्रशिक्षण त्या घडीला वाया जाते.

धोका दरवेळी विजेचाच असतो असेही नाही. पावसाळ्यातल्या एका रात्री आमच्याकडचा एक कंत्राटी मुलगा तांड्याच्या बाजूची लाइन बघायला एकटा मोटारसायकलवर गेला. परमिट घेतले आणि त्यानंतर फोनच नाही. लावावा तर 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. मला उपकेंद्र सोडता येत नव्हते. इकडे गावांतून फोनवर फोन, "लाइट कव्हा येईल ओ?" त्याचा निरोप आल्याशिवाय फीडर सुरू करणार नाही, हे मी प्रत्येकाला सांगत होतो. वरिष्ठांना कळवले तर उत्तर आले, "येईल हो, कुठे जातोय." पहाटे दूध घालायला निघालेल्या एका माणसाला तो ओढ्याच्या उतारावर सापडला. गाडी पायावर पडलेली, नडगी मोडलेली, मोबाइल चिखलात. रात्रभर तो ओरडत होता, पण ऐकायला शिवारात कोणी नव्हते. तो वाचला. कंत्राटदाराने मात्र त्या महिन्याचे पैसे गैरहजेरी दाखवून कापले.

त्या वहीत परमिट घेतल्याची वेळ होती, परत केल्याची वेळ लिहायला जागा होती. परंतु अमुक वाजेपर्यंत निरोप आला नाही तर काय करायचे, कोणाला उठवायचे, त्याला शोधायला कोण जाणार, याचा रकानाच नव्हता. माझी मागणी या एका रकान्याची आहे. निघताना कुठल्या डीपीवर, कुठल्या वाटेने जातोय आणि किती वाजेपर्यंत निरोप देणार, हे सांगायचे. वेळ टळली की अर्ध्या तासाच्या आत कोणीतरी निघायचेच, मग तो झोपलेला निघो की जेवायला थांबलेला. हल्ली धोक्याचे बटण असलेली मोबाइल ॲप सुचवली जातात. ती असावीत, पण बेशुद्ध माणूस बटण दाबू शकत नाही, आणि बालाघाटाच्या डोंगरात किंवा किनवटच्या जंगलात रेंज लागेलच असे नाही. फोन आला नाही हाच इशारा धरायचा, ही रीत तिथेही चालते.

आणि काही कामे एकट्याने करायचीच नसतात. बंद टाकीत किंवा चेंबरमध्ये विषारी वायूची शक्यता असेल, तर आत उतरणाऱ्याच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर आणि दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात, हे 1948 च्या कारखाना कायद्यातच लिहिलेले आहे. आपल्याकडे विहिरीत डिझेल इंजिन लावून उपसा चालतो. त्याचा धूर खाली साचतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. उतरलेला माणूस खालीच कोसळतो आणि त्याला काढायला धावलेला भाऊही त्याच्यावर पडतो. वर दोर धरून कोणी उभे असते, तर खाली न उतरताच ओढून काढता आले असते. खांबावर चढणे, टाकीत उतरणे, ग्रामपंचायतीच्या विहिरीत मोटार काढायला जाणे, यांना दोन माणसे हा नियम पाळला जात नसेल, तर ते काम सकाळपर्यंत थांबवावे. गाव एक रात्र अंधारात राहिले तर कोणी मरत नाही.

बायकांचे एकटेपण आणखी वेगळे. कोलकात्यात ऑगस्ट 2024 मध्ये निवासी डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली, तेव्हा मोठ्या रुग्णालयांच्या सुरक्षेची देशभर चर्चा झाली. गावच्या आरोग्य उपकेंद्रात एकटी राहणारी आरोग्य सेविका त्या चर्चेत कुठेच नव्हती. आशाताई अडलेल्या बाईला मध्यरात्री दवाखान्यात पोहोचवते, मग परत गावी कशी येते? ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे, असे म्हणून तिची जबाबदारी कोणीच घेत नाही. आणि परभणी, बीड हे बालविवाहात राज्यात पुढे असलेले जिल्हे. इथल्या अंगणवाडी सेविकेने लग्नाची खबर द्यायची ती त्याच गावात, त्याच गल्लीत राहून. राजस्थानात भटेरी गावी 1992 साली भंवरी देवी या साथिनीने, म्हणजे सरकारी महिला विकास कार्यक्रमातल्या गावकार्यकर्तीने, बालविवाह रोखायचा प्रयत्न केला, म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये दिलेली विशाखा मार्गदर्शक तत्त्वे आणि 2013 चा कायदा त्यातूनच आला. कामानिमित्त जिथे जावे लागते ती जागाही त्या कायद्याने कामाचे ठिकाणच मानली आहे. म्हणजे तांडा, वस्ती, शेतातले घरही. मग अशा भेटीला तिला एकटीला का पाठवायचे? सोबत ग्रामसेवक किंवा पोलीस पाटील का नाही?

सालगड्यांबद्दलही लिहितो, कारण त्यांच्यासाठी कोणी पत्र लिहीत नाही. गुढीपाडव्याला साल ठरते, पैसे ठरतात, धान्य ठरते. रात्रीच्या थ्री-फेज लाइटवर पिकाला पाणी द्यायला, दारे धरायला सोबत कोण, हे ठरत नाही. मण्यार चावली तर बरेचदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही. काही तासांत पापण्या जड होतात. तोवर मालकाने एक फोन तरी केलेला असावा. शेतीला दिवसा वीज मिळाली तर यातले बरेच संकट मुळातच टळेल.

माणसे कमी आहेत, हे उत्तर मला पाठ आहे, कारण ते मी वर्षानुवर्षे ऐकले. जागा भरल्याच पाहिजेत. पण वहीत एक रकाना आखायला आणि रात्रीसाठी एक जबाबदार माणूस नेमायला भरतीची वाट पाहावी लागत नाही. वाचकांनीही एवढे करावे: वायरमन रात्री एकटाच खांबाशी दिसला तर कधी येणार लाइट म्हणून मागे न लागता बॅटरी घेऊन तिथे उभे राहावे, आणि उपकेंद्राला कोणती डीपी ते कळवावे.

आपल्या वार्ताहरांनी मराठवाड्यातल्या प्रत्येक वीज उपविभागाला, पंचायत समितीला आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना एक प्रश्न लेखी विचारावा, ही विनंती. आज रात्री एकट्याने कामावर गेलेले तुमचे माणूस परतले नाही, तर शोधायला निघणाऱ्याचे नाव आणि मोबाइल क्रमांक काय? येतील ती उत्तरे तालुक्यानिशी छापावीत. ज्यांचे उत्तर येणार नाही, त्यांची नावेही छापावीत.

आपला,
एक निवृत्त यंत्रचालक,
सेलू, जि. परभणी