ओपनिंग बॅलन्स कुठल्या तारखेचा?

संपादक साहेब, नमस्कार.

सध्या मी लेकीकडे ओहायोत कोलंबसला आलोय, सकाळी चहासोबत आपला पेपर लॅपटॉपवर वाचतो. 2012च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत चार वर्षं अध्यक्ष असलेले ओबामा आणि त्यांना आव्हान देणारे रिपब्लिकन रॉम्नी, यांच्या बातम्या येतायत पण सगळ्या कुस्तीच्या फडासारख्या, 3 ऑक्टोबरला डेन्व्हरच्या डिबेटमधे ओबामा ढेपाळले, 16 तारखेला सावरले, आता पुढचा डाव कोणाचा. इथली माणसं नक्की कशावरून भांडतायत ते कुठेच वाचायला मिळत नाही म्हणून हे पत्र.

समोर दोन घरं आहेत, एकाच्या लॉनवर ओबामा-बायडनची पाटी, शेजारच्याकडे रॉम्नी-रायनची, आणि पानं उडवायचं मशीन मात्र दोघांत मिळून एकच. गेल्या शनिवारी पानं गोळा करता करता त्यांची जुंपली. रॉम्नीवाला म्हणाला, हा माणूस आला तेव्हा बेकारी 7.8 टक्के होती, चार वर्षांनी किती तर 7.8, मग केलं काय? दुसरा म्हणतो अरे बाबा, मधे ऑक्टोबर 2009 ला ती 10 वर गेली होती ते का नाही सांगत, आणि एकट्या जानेवारी 2009 मधे जवळजवळ 8 लाख नोकऱ्या गेल्या, ओबामांची शपथच त्या महिन्याच्या 20 तारखेला झाली, मग तो महिना कोणाच्या नावावर टाकायचा? आकडा एकच, दोघंही तोच दाखवतायत! (हा 7.8 चा आकडा आला तेव्हा जीई म्हणजे जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे माजी प्रमुख जॅक वेल्च यांनी तर तो खरा आहे का इथपासूनच शंका काढली.)

मी 33 वर्षं बँकेत काढली, त्यामुळे मला यात फक्त ओपनिंग बॅलन्सचा, म्हणजे हिशोब कुठल्या तारखेपासून धरायचा याचा वाद दिसतो. पेट्रोलचंही तेच, दुसऱ्या डिबेटमधे रॉम्नींनी काढलं की ओबामा आले तेव्हा गॅलनला 1 डॉलर 86 सेंट होतं, आता 4 डॉलर, म्हणजे दुपटीहून जास्त, त्यावर ओबामांचं उत्तर असं की तेव्हा स्वस्त होतं कारण सगळा धंदाच बसायला आला होता. आता बोला.

गाड्यांच्या कारखान्यांवरून तर आवाज चढले. ओबामावाल्याचा मेव्हणा लॉर्ड्सटाउनला जीएम म्हणजे जनरल मोटर्सच्या प्लांटमधे आहे, तिथे या 2012 साली शेव्ही क्रूझ ही गाडी बनते. तो म्हणे गाड्यांच्या कंपन्यांना सरकारी पैसा देऊ नका हे रॉम्नींचं ऐकलं असतं तर मेव्हणा घरी बसला असता. पण कंपन्यांना पहिले 17 अब्ज डॉलर आधीचे अध्यक्ष बुश यांनी डिसेंबर 2008 मधे दिले होते हे रॉम्नीवाल्याने बरोबर आठवण करून दिलं, आणि जीएमने शेवटी 2009 मधे दिवाळखोरी जाहीर केलीच की, हेही. दोन्ही खरं आहे. पण याच गृहस्थांचा 23 वर्षांचा मुलगा बापाच्या हेल्थ इन्शुरन्सवर आहे, ती सोय ज्या ओबामाकेअरने (ओबामांच्या आरोग्य विम्याच्या कायद्याने) दिली त्याला ते शिव्या घालतात, तिथे मला हसू आवरेना. मी बीपीचा पेशंट, माझ्या ट्रॅव्हल पॉलिसीत जुनं दुखणं कव्हर होत नाही, त्यामुळे या विषयात माझा जीव जरा जास्तच अडकतो.

आमच्याकडे नवा मॅनेजर चार्ज घ्यायचा तेव्हा आधीच्याची थकबाकी लगेच त्याच्या डोक्यावर मारत नसत, एखादं वर्ष द्यायचे, पुढचं मात्र सगळं त्याचं. तसं धरलं तर 10 वरून 7.8 ही ओबामांची कमाई, पण 16 लाख कोटी डॉलरच्या वर गेलेलं सरकारी कर्ज आणि पहिल्याच टर्ममधे तूट निम्मी करीन म्हणून दिलेला न पाळलेला शब्द, हेही त्यांच्याच खात्यावर. मी पास करीन, फर्स्ट क्लास नाही देणार. आणि जाता जाता, फेब्रुवारीत आपल्याकडे महापालिकांची मतदानं झाली तेव्हा आमच्या गल्लीत एकाने तरी नगरसेवकाला पाच वर्षांचा हिशोब विचारला का, मीही नाही विचारला.

जावई इथला सिटिझन आहे, लेकीचं अजून ग्रीनकार्ड, म्हणजे घरात मत एकच आणि ते कोणाला हे तो सासऱ्याला सांगत नाही. मतदान 6 नोव्हेंबरला आहे आणि माझं परतीचं विमान 4 तारखेचं. तिकीट दोन दिवस पुढे ढकलता येतं का ते लेक बघतेय.

आपला,
एक जुना वाचक, नाशिक (मुक्काम कोलंबस)