निघता निघता

नैरोबी

चि. केदार यास,
अनेक आशीर्वाद.

निघायच्या आदल्या दिवशी आलेला तुझा लांबलचक मेसेज बाबांनी मोठ्याने वाचून दाखवला. ‘पुढच्या वर्षी रजा मिळेल, तेव्हा सगळे मिळून केनियाला जाऊ, तोवर थांबा’ हे वाक्य तर दोनदा. मी ऐकत होते आणि कपड्यांच्या घड्या घालत होते. अरे, थांबायची आम्हाला काय कमी सवय आहे? तुझी बारावी, ताईचं लग्न, घराचे हप्ते. शेवटी पैसे भरले ते 2020च्या ऑगस्टसाठी, तर जगच बंद पडलं. आता बाबांचे गुडघे गाडीत चढू देताहेत तोवर जाऊन येतो. तुम्ही तिघं सवडीने जा. वाटल्यास आम्ही परत येऊ, तिकिटं तू काढ.

काळजी करतोस म्हणून तयारीचं सांगते. केनियाने 2024च्या जानेवारीपासून व्हिसा बंद केला. आता ‘ईटीए’ नावाची ऑनलाइन परवानगी काढायची. ती बाबांनी स्वतः काढली आणि त्या आनंदात तिच्या इतक्या झेरॉक्स काढल्या की अजून एक माझ्या चष्म्याच्या डबीत आहे. खरी धाकधूक पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीची होती. ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि साठी उलटलेल्यांना डॉक्टर पूर्ण चौकशी केल्याशिवाय सुई लावत नाहीत. अंड्याची अ‍ॅलर्जी आहे का, कुठली औषधं चालू आहेत, सगळं विचारलं. मग पिवळं कार्ड मिळालं. ते नसलं तर परतल्यावर आपलंच सरकार सहा दिवस वेगळं ठेवतं, म्हणून बाबा ते पासपोर्टसकट गळ्यात घालून झोपतात. मलेरियाच्या गोळ्या सुरू आहेत, घरी आल्यावरही आठवडाभर घ्यायच्या आहेत. आठवण करायला फोन करू नकोस, डबीवर लिहून ठेवलंय.

तू ड्रोन पाठवतो म्हणाला होतास, ते राहू दे. तिथल्या जंगलांत परवानगीशिवाय उडवता येत नाही. त्यापेक्षा मी काय केलं ते ऐक. तुझ्या जुन्या जीन्सचा एक पाय कापला, एक तोंड शिवलं, दुसऱ्या तोंडाला चेन लावली. गाडीच्या कडेवर ठेवून त्यावर कॅमेरा टेकवायचा, म्हणजे हात हलत नाही. नागपुराहून रिकामाच आणला आणि काल इथल्या दुकानातून राजमा घेऊन भरला. कॅमेऱ्यापेक्षा उशी भारी झाली, असं बाबा म्हणतात. इथे प्लास्टिकच्या पिशव्यांना 2017पासून बंदी आहे, म्हणून चिवडा आणि दशम्या कापडी पिशव्यांत आणि स्टीलच्या डब्यांत घातल्या. मुंबई विमानतळावर त्या डब्यांपायी बॅग उघडावी लागली. तपासणाऱ्या मुलीने वास घेतला आणि हसून जाऊ दिलं.

मुंबईहून थेट विमानाने सहाएक तास. घड्याळ अडीच तास मागे घेतलं. विमानतळाबाहेर पडलो तर थंडी! विषुववृत्ताला खेटून असलेलं शहर, पण कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंचावर वसलंय. स्वेटर हातातच ठेवायला मी सांगत होते, तेव्हा तुझ्या वडिलांनी तो तळाशी कोंबला होता.

आमचा पहिला दिवस कुठे गेला असेल सांग? रेल्वे म्युझियममध्ये. सगळा जन्म रेल्वेत काढलेल्या माणसाला सिंहाआधी इंजिन बघायचं होतं. हे शहरच मुळी 1899मध्ये रेल्वेचा डेपो म्हणून सुरू झालं. तो मार्ग टाकायला हिंदुस्थानातून तीसेक हजार मजूर आणले होते, त्यातले अडीच हजारांच्या आसपास कामावरच दगावले. तिथे एक जुना लाकडी डबा आहे. 1900 साली किमा स्टेशनात रायल नावाचा पोलीस अधिकारी नरभक्षक सिंहाला मारायला बंदूक घेऊन त्यात बसला आणि त्याला झोप लागली. सिंह दारातून आत शिरला आणि त्याला घेऊन खिडकीतून गेला. बाबा त्या खिडकीपाशी कितीतरी वेळ उभे होते. नंतर मला म्हणाले, “ड्युटीवर झोपू नये.” त्यांचं हे असं!

आता मसाई माराचं अभयारण्य. बाबांना चित्ता बघायचाय. आपल्याकडचा 1952 साली नामशेष जाहीर झाला, आणि 2022मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोत परदेशातून आणून सोडले ते त्यांना ‘पाहुणे’ वाटतात. मला मात्र विल्डबीस्टचे, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणांचे, कळप बघायचेत. दहा लाखांहून जास्त जनावरं पाऊस आणि गवताच्या मागे शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून वर सरकतात. वरचं उंच, राठ गवत झेब्रे खातात, खालचं कोवळं विल्डबीस्टना मिळतं. मारा नदीच्या काठावर मात्र कळप तासन्‌तास अडून बसतो, अचानक एक उडी घेतो आणि मागून सगळे. ताडोब्यात आपण मोहर्लीच्या गेटमधून शिरलो की एका वाघासाठी डोळे ताणत बसायचो, हरणांकडे बघायचंसुद्धा नाही. या वेळी मला हरणंच बघायचीत, पोटभर.

या हंगामात माराची फी परदेशी माणसाला दिवसाला 200 डॉलर आहे, तीही सकाळी सहा ते संध्याकाळी सहापर्यंतच. बाबा तासाचा हिशेब रुपयांत काढतात, मी कान बंद ठेवते.

गाडी खाली आलीय. नारोकमार्गे पाच-सहा तासांचा रस्ता आहे आणि वाटेत रिफ्ट व्हॅली नावाच्या मोठ्या दरीचा उतार लागतो, तिथे फोटोसाठी थांबवायला सांगितलंय. पुढे नेटवर्कचा भरवसा नाही. दोन दिवस फोन लागला नाही तर टूरवाल्यांच्या मागे लागू नकोस. मृणालला सांग, फ्रीजमधलं लोणचं ताईकडे दिलंय. चिंटूला पापा.

तुझी,
आई